हेक्झेनला विचारलेले प्रश्न

लातूरजवळच्या एका सॉल्व्हंट प्लांटमध्ये काम करणारे एक गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. त्यांचा मुलगा नांदेडला आमच्याकडे रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होता. एका दिवाळीत त्यांच्या घरी जाण्याचा योग आला. फराळाची ताटली पुढे करताना त्यांचे हात आमच्या नजरेस पडले. बोटांची कातडी पांढुरकी, कोरडी आणि भेगाळलेली होती. चौकशी केली तेव्हा कळले, की कामावरून निघताना वंगणाने माखलेले हात ते हेक्झेनने धुतात. "एका मिनिटात साफ होतात, सर."

आम्ही जरा दचकलो. ते त्यांच्या लक्षात आले असावे. हसून म्हणाले, "डब्यावर जाळाचं चित्र हाय, मला ठावं हाय. काडीपेटी, बिडी आम्ही आत नेतच न्हाई. मोबाईलबी गेटावर ठेवतो. मग भ्यायचं काय त्याला?"

या उत्तरात तर्काची चूक काढता येणार नाही. त्यांनी चित्र नीट वाचले होते, त्याचा अर्थ बरोबर लावला होता आणि त्याप्रमाणे ते वागतही होते. चित्राने एका प्रश्नाचे उत्तर दिले होते: हा पदार्थ पेट घेतो का? हेक्झेनला आणखीही काही प्रश्न विचारून झालेले आहेत, आणि त्यांची उत्तरे निराळी आहेत, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. आम्हीही नाही. आणि आम्ही तर त्यांच्या मुलाला दोन वर्षे शिकवत होतो. वर्णलेखनाच्या प्रयोगात त्याच्याकडून लिटरच्या लिटर हेक्झेन वापरून घेत होतो. उत्कलनबिंदू ६९ अंश सेल्सिअस, पाण्यात अविद्राव्य, अध्रुवीय, एवढे सांगितले की आमचे हेक्झेन संपत असे.

रसायनांच्या धोक्यांचे वर्गीकरण हा विषय पुस्तकात तक्त्यासारखा येतो आणि तक्त्यासारखाच पाठ होतो. पण त्या तक्त्यातला प्रत्येक रकाना म्हणजे कधीतरी, कोणीतरी, कशामुळे तरी विचारलेला एक प्रश्न आहे. ते प्रश्न कोणत्या क्रमाने सुचले, हे आता पाहू या. त्यासाठी हेक्झेनइतके सोयीचे दुसरे उदाहरण आपल्या भागात नाही.

मुळात हे द्रव्य लातूरला आले कसे? मराठवाड्यात तेल काढण्याचा धंदा जुना आहे. भुईमूग, करडई, जवस, सरकी ही इथली पिके, आणि लाकडी घाण्यापासून एक्स्पेलरपर्यंत सगळी यंत्रे दाब देऊनच तेल काढणारी. शेंगदाण्यात तेलाचे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास असते. दाबानंतर पेंडीत सहा-आठ टक्के राहिले तरी परवडते. सोयाबीनचे तसे नाही. त्यात तेल असते जेमतेम १८ ते २० टक्के. त्यातले सहा-सात टक्के पेंडीतच अडकून राहिले, तर तिसरा हिस्सा वाया गेला! म्हणून १९९० नंतर या भागात सोयाबीनचा पेरा वाढू लागला, तसे दाबाऐवजी द्रावकाने तेल काढणारे कारखाने वाढले. सोयाबीनचे पोहे करायचे, त्यांवर गरम हेक्झेन सोडायचे, तेल त्यात विरघळते. मग हेक्झेन उकळून वेगळे करायचे, थंड करायचे आणि पुन्हा वापरायचे. पेंडीत एक टक्क्याहूनही कमी तेल उरते. त्या पेंडीला बाजारात सगळे 'डीओसी' म्हणतात. लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा भाव निघतो तेव्हा या डीओसीच्या मागणीचाही त्यात वाटा असतो.

हेक्झेन हे काही या कामासाठी निवडलेले पहिले द्रावक नव्हे. त्याच्या आधीच्या दोन उमेदवारांची हकिगत सांगण्यासारखी आहे.

पहिला उमेदवार कार्बन डायसल्फाइड. १८५६ च्या सुमारास फ्रान्समध्ये डीस नावाच्या रसायनतज्ज्ञाने या द्रवाने तेल काढण्याची रीत पुढे आणली. तेल उत्तम सुटे, पण द्रव कमालीचा पेटणारा. नव्वद अंशांच्या आसपास तापलेल्या पृष्ठभागाला त्याची वाफ लागली, तरी ठिणगीवाचून पेट घेते. म्हणजे वाफेची नळीसुद्धा पुरे. योगायोग असा, की त्याच १८५६ साली पॅरिसमध्ये ऑग्युस्त देल्पेश या डॉक्टरांनी रबराच्या कारखान्यांतील कामगारांचे एक विचित्र दुखणे नोंदवले. हे कामगार रबर तयार करताना कार्बन डायसल्फाइड वापरत. त्यांची स्मृती जाई, हातापायांतली शक्ती जाई, काहींना भ्रम होई. आग आणि चेतासंस्थेची हानी हे एकाच द्रवाचे दोन दुर्गुण एकाच वर्षी समोर होते. तरीही तो द्रव वापरात राहिला, कारण दुसरे काही हाताशी नव्हते.

दुसरा उमेदवार ट्रायक्लोरोएथिलीन. याची मोठी कीर्ती अशी, की ते सहजासहजी पेटत नाही. आगीला कंटाळलेल्या कारखानदारांना याहून अधिक काय हवे? त्याने सोयाबीनचे तेल निघाले, पेंड गुरांना घातली गेली. आणि स्कॉटलंडमध्ये गुरे मरू लागली. नाकातोंडातून, कातडीखाली रक्तस्राव होई आणि जनावर जाई. स्टॉकमन या संशोधकाने १९१६ साली हा प्रकार प्रसिद्ध करून त्याचा संबंध या पेंडीशी जोडला. पुढे जर्मनीत ड्यूरेन येथे तेच घडले. एवढे होऊनही १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पुन्हा तोच प्रयोग झाला, आणि पुन्हा गुरे मेली. तेव्हा कुठे कारण सापडले. ट्रायक्लोरोएथिलीनची पेंडीतल्या प्रथिनांतील सिस्टीन या अमिनो आम्लाशी अभिक्रिया होत होती, आणि तयार होणारे संयुग अस्थिमज्जा नासवत होते. द्रावक उडून गेले तरी विष पेंडीतच राही. याच ट्रायक्लोरोएथिलीनला २०१२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले.

हे उदाहरण आम्ही हल्ली वर्गात मुद्दाम सांगतो. 'पेटत नाही' याचा अर्थ 'सुरक्षित' असा होत नाही. भौतिक धोका आणि आरोग्याचा धोका हे दोन वेगळे रकाने आहेत; एकातली पाटी कोरी असली म्हणून दुसऱ्यातली कोरी असते असे नाही. या दोघांच्या पार्श्वभूमीवर हेक्झेन आले. पेट्रोलियमपासून स्वस्तात मिळणारे, पेंडीशी न झगडणारे, कमी तापमानाला उडून जाणारे. १९३० च्या दशकापासून सोयाबीनच्या कारखान्यांत त्याने आपले आसन पक्के केले. त्याचा एकच अवगुण सर्वांना मान्य होता, तो म्हणजे पेटणे.

पेटण्याचे मोजमाप कसे करायचे हे तोवर ठरून गेले होते. एकोणिसाव्या शतकात घराघरांत रॉकेलचे दिवे आले आणि दिव्यांचे स्फोट होऊ लागले. रॉकेलमध्ये हलके, पटकन उडणारे भाग मिसळून विकण्याचा हा परिणाम होता. ब्रिटिश सरकारने सर फ्रेडरिक एबल यांच्याकडून एक उपकरण करवून घेतले. झाकण लावलेल्या छोट्या पेल्यात द्रव हळूहळू तापवायचा, ठरावीक अंतराने झाकणातली खिडकी उघडून बारीक ज्योत दाखवायची आणि ज्या तापमानाला वाफ भक्कन पेटून विझते ते तापमान टिपायचे. हाच फ्लॅश पॉइंट. १८७९ च्या ब्रिटिश कायद्याने सीमा ठरवली ७३ अंश फॅरनहाइट. त्याचे सेल्सिअसमध्ये रूपांतर विद्यार्थ्यांना करायला लावा. २२.८ येते, म्हणजे २३ अंश.

हा २३ चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण तो अजून आपल्याबरोबर आहे. भारतातील पेट्रोलियमच्या अ, ब, क या वर्गवारीत फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या खाली असेल तर द्रव 'अ' वर्गात पडतो, २३ ते ६५ असेल तर 'ब' वर्गात. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पद्धतीतही सीमा तीच आहे. हेक्झेनचा फ्लॅश पॉइंट आहे उणे २२ अंश. म्हणजे तो निर्विवाद 'अ' वर्गात, आणि त्याचा साठा करायचा तर परवानगीसाठी नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचे दार ठोठावावे लागते.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ही रेघ ज्या देशात आखली गेली तिथे तेवीस अंश म्हणजे उन्हाळ्याचा सुखद दिवस. नांदेडला मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो. आपल्याकडच्या रॉकेलचा फ्लॅश पॉइंट कमीत कमी ३५ अंश असावा असे मानक सांगते. 'ब' वर्गातले, म्हणजे त्यातल्या त्यात शहाणे द्रव्य. पण पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोन वाजता ठेवलेले रॉकेल आपला फ्लॅश पॉइंट केव्हाच ओलांडून बसलेले असते. वर्गवारी बदलत नाही, पण वागणूक 'अ' वर्गाची होते. मराठवाड्याच्या शाळांतून दहनाचा धडा शिकवताना हे उदाहरण हाताशी असू द्यावे.

हेक्झेनच्या वाफेबद्दल आणखी एक गोष्ट. त्याच्या रेणूत सहा कार्बन आणि चौदा हायड्रोजन; रेणुभार ८६. हवेचा सरासरी २९. म्हणजे वाफ हवेच्या तिप्पट जड. ती वर जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखी सरपटते आणि गटार दिसले की त्यात उतरते. १३ फेब्रुवारी १९८१ रोजी अमेरिकेतील लुईव्हिल शहरात नेमके हेच झाले. सोयाबीनच्या एका कारखान्यातून हेक्झेन गटारात गेले. पहाटे वरून चाललेल्या एका मोटारीच्या ठिणगीने वाफ पेटली आणि सुमारे दोन मैलांचे रस्ते खालून उखडले गेले. वेळ पहाटेची होती म्हणून कोणी दगावले नाही.

असा हा भौतिक धोक्याचा रकाना भरला. आगीचा प्रश्न लवकर विचारला गेला यात नवल नाही. आग लागली की मालकाचे गोदामही जळते, विमा कंपनीचे पैसेही जातात.

आरोग्याच्या रकान्यात विचारलेला पहिला सर्वमान्य प्रश्न होता: किती घेतल्यावर मरतो? १९२७ साली जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी डिजिटालिस, इन्सुलिन यांसारख्या औषधांची तीव्रता मोजण्यासाठी एक युक्ती काढली. प्राण्यांच्या गटातले निम्मे प्राणी ज्या मात्रेला मरतात ती मात्रा शोधायची. हीच 'एलडी-५०'. ट्रेव्हन यांचा हेतू औषधांच्या प्रमाणीकरणाचा होता, पण आकडा इतका सुटसुटीत, की तो विषांच्या वर्गवारीचा पाया होऊन बसला. आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा, फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण याच आकड्यावर उभा आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे तोंडावाटे एलडी-५० किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा.

आता हेक्झेनला या परीक्षेला बसवू. उंदरांमध्ये त्याचा तोंडावाटे एलडी-५० किलोमागे २५ ग्रॅमहून जास्त आहे. मिलिग्रॅम नव्हे, ग्रॅम! आपल्या स्वयंपाकातल्या मिठाचा सुमारे ३ ग्रॅम आहे. म्हणजे या परीक्षेत हेक्झेन मिठापेक्षा आठपट निरुपद्रवी ठरते. हेक्झेन जर कीटकनाशक असते, तर त्याला बिनदिक्कत हिरवा त्रिकोण मिळाला असता. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर आपल्याकडे १९८९ साली घातक रसायनांच्या निर्मिती, साठवण व आयातीचे नियम झाले. त्यांतही विषारीपणाच्या पायऱ्या मुख्यतः एका मात्रेने येणाऱ्या मृत्यूवरच बेतलेल्या होत्या. भोपाळनंतर तो प्रश्न सर्वांच्या मनात असणे स्वाभाविकच होते. एका रात्रीत हजारो माणसे गेली होती.

परीक्षा खोटी नव्हती, तिने विचारलेला प्रश्न अपुरा होता. एका दिवसात मारणारे आणि एका वर्षात पांगळे करणारे विष यांत ती भेद करू शकत नव्हती.

तो दुसरा प्रश्न विचारला गेला जपानमध्ये. १९६० च्या दशकात तिथे प्लॅस्टिकच्या सपाता तयार करण्याचा घरगुती धंदा जोरात होता. तिथल्या बायाबापड्या घरात बसून सोल चिकटवत. चिकटवायच्या डिंकात द्रावक म्हणून हेक्झेन. हिवाळ्यात दारेखिडक्या बंद. काही महिन्यांनी पायांना मुंग्या येऊ लागल्या, मग बधिरपणा, मग पाऊल उचलताना पंजा लोंबू लागला. शेवटी काहींना उठून उभे राहणे अशक्य झाले. याममुरा यांनी १९६९ साली अशा ९३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. इटलीतल्या चर्मोद्योगातही असेच रुग्ण सापडत होते.

या दुखण्याचे रसायनशास्त्र फार सुंदर आहे. सुंदर म्हणायला जीभ कचरते, पण वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना ते जरूर सांगावे. हेक्झेन स्वतः बहुतांशी निरुपद्रवीच असते. ते शरीरात गेले की यकृत त्याला बाहेर टाकण्यासाठी ऑक्सिजन जोडू लागते. सहा कार्बनच्या साखळीत दुसऱ्या आणि पाचव्या कार्बनवर ऑक्सिजन बसला की तयार होते २,५-हेक्झेनडायोन. या दोन ऑक्सिजनधारी कार्बनांमध्ये अंतर अगदी मोजके आहे. चेतापेशीतील प्रथिनांच्या लायसीन या अमिनो आम्लाच्या टोकाला नायट्रोजन असतो. तो या दोन्ही कार्बनांशी जोडला गेला की चार कार्बन आणि एक नायट्रोजन असे पाच अणूंचे स्थिर कडे, म्हणजे पायरोल, तयार होते. मग एका प्रथिनाचे कडे दुसऱ्या प्रथिनाच्या कड्यात अडकते आणि चेतातंतूच्या आतला सांगाडा जागोजाग गुंततो. दुसऱ्या आणि चौथ्या कार्बनवर ऑक्सिजन असलेल्या भावंडाला हे कडे जमत नाही आणि ते चेतातंतूंना असा त्रासही देत नाही. एका कार्बनच्या अंतराने एवढा फरक!

सगळ्यात लांब तंतू पहिल्यांदा बळी पडतात, कारण त्यांच्यातून सामान वाहून नेण्याचा रस्ता सर्वांत लांब. म्हणून दुखणे पायाच्या बोटांपासून सुरू होते, मग हातांच्या बोटांत येते. डॉक्टर याला मोजे आणि हातमोजे घातल्यासारखा बधिरपणा म्हणतात. आणखी एक विक्षिप्तपणा असा, की काम सोडल्यावरही काही आठवडे दुखणे वाढतच राहते, आणि मग महिनोन्‌महिने, कधी वर्षे घेऊन हळूहळू उतरते. त्यामुळे कामगाराला आपल्या पायांचा आणि त्या द्रवाचा संबंध लावणे अवघड जाते. मालकाला तर तो संबंध न लावणे सोपे जाते.

ही जुनी गोष्ट झाली असे वाटत असेल तर २००९ सालची सूझौची हकिगत आठवावी. चीनमधील या शहरात मोबाईलचे पडदे पुसायला अल्कोहोलऐवजी हेक्झेन वापरले गेले, कारण ते लवकर वाळते. १३७ कामगार आजारी पडले.

जपानच्या आणि नंतरच्या अभ्यासांवरून हवेतील हेक्झेनची मर्यादा खाली आणावी लागली. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे दहा लाख भागांत ५० भाग. त्याच देशातली कायदेशीर मर्यादा मात्र १९७१ पासून ५०० वरच अडून राहिली आहे. शास्त्राला जे कळते ते कायद्याला कळायला किती वेळ लागतो, याचा हा एक नमुना.

आता दोन रकाने शेजारी ठेवून एक हिशेब करू. हा वर्गात करून घेता येईल. खोली सहा मीटर लांब, पाच रुंद, तीन उंच; घनफळ ९० घनमीटर. दारेखिडक्या बंद. हेक्झेनची वाफ हवेत १.१ टक्का झाली की ठिणगीने पेटू शकते. त्यासाठी किती द्रव सांडावा लागेल? सुमारे एक घनमीटर वाफ लागेल, म्हणजे जवळपास ४० मोल, साडेतीन किलो. हेक्झेनची घनता ०.६६ धरली तर सव्वापाच लिटर. अर्धी बादली म्हणा. आणि ५० भागांची आरोग्याची मर्यादा गाठायला? फक्त २४ मिलिलिटर, म्हणजे चहाचे पाच चमचे. दोन्हींत २२० पटींचा फरक आहे. आग ओळखणारे यंत्र साधारणपणे ज्वलनमर्यादेच्या दहाव्या हिश्शाला घंटा वाजवते, म्हणजे दहा लाखांत ११०० भागांना. तोवर आरोग्याची मर्यादा बावीसपट ओलांडलेली असते. यंत्र गप्प आहे, सबब हवा चांगली आहे, असा निष्कर्ष काढणारा माणूस आणि डब्यावर फक्त ज्वाला आहे, सबब हात धुवायला हरकत नाही, असे म्हणणारा माणूस, दोघांची चूक एकच. नाकावरही विसंबून चालत नाही. हेक्झेनचा वास मंद असतो आणि अनेकांना तो ५० भागांच्या बराच वर गेल्यावर जाणवतो.

एक धोका अगदी घरगुती आहे आणि त्याचा रकाना बऱ्याच उशिराने निघाला. हेक्झेन, रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन हे द्रव पातळ आणि निसरडे. गिळताना किंवा उलटी होताना त्यांचा थेंब श्वासनलिकेत शिरला की फुप्फुसात भराभर पसरतो आणि न्यूमोनियासारखी अवस्था होते. पोटात गेलेले रॉकेल त्यामानाने कमी घातक, छातीत गेलेले फार. म्हणून लहान मूल रॉकेल प्यायले तर त्याला मीठपाणी पाजून उलटी करवू नये, तडक दवाखान्यात न्यावे. आपल्या खेड्यांत अजून बरोबर उलट केले जाते.

असे एकेक करून रकाने भरत गेले, पण प्रत्येक देशाने ते आपापल्या पद्धतीने भरले. एकाच द्रवाला एका देशात विषारी म्हणत, दुसऱ्यात नुसते हानिकारक, तिसऱ्यात काहीच नाही. १९९२ साली रिओच्या वसुंधरा परिषदेत हा गोंधळ मिटवायचे ठरले आणि डिसेंबर २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने जागतिक समन्वित पद्धत मंजूर केली. तिच्यात धोक्यांचे तीन मोठे गट आहेत: भौतिक, आरोग्याचे आणि पर्यावरणाचे. युरोपने या पद्धतीने हेक्झेनची छाननी केली तेव्हा त्याच्या लेबलवर एक नव्हे, चार चित्रे आली. ज्वाला; उद्गारचिन्ह, कारण कातडी चुरचुरते आणि वाफेने गुंगी येते; मेलेला मासा आणि वठलेले झाड, कारण जलचरांना अपाय; आणि छातीवर चांदणी फुटलेला माणूस. हे शेवटचे चित्र तीन गोष्टी सांगते: छातीत शिरण्याचा धोका, दीर्घकाळात चेतासंस्थेची हानी आणि प्रजननक्षमतेवर परिणाम होण्याची शंका. आम्ही ते फळ्यावर काढून दाखवले तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हा कोणत्या सिनेमातला हिरो?" चित्राची भाषा जागतिक खरी, पण तीही शिकवावी लागतेच.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाणाऱ्या रस्त्यावर अशा द्रवांचे टँकर दिसतात. मागच्या बाजूला एक फलक असतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी तो सक्तीचा केला. त्यावर '१२०८' असेल तर ते हेक्झेन. हा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक. शेजारी '३ वाय ई' अशी संज्ञा. ही लंडनच्या अग्निशमन दलाने १९७० च्या दशकात रूढ केलेली लिपी आहे. ३ म्हणजे पाणी नको, फेस वापरा. वाय म्हणजे गटारात जाऊ देऊ नका, आग असेल तर श्वसनयंत्र लावा. ई म्हणजे आसपासच्या लोकांना हलवण्याचा विचार करा. बंब घेऊन येणाऱ्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत जे हवे तेवढेच. सहलीच्या बसमधून मुलांना हे वाचायला लावावे, वेळ चांगला जातो. मात्र या फलकावर चेतातंतूंचा उल्लेख नाही, आणि नसावाही. बंबवाल्याचा प्रश्न वेगळा आहे.

एवढे सगळे रकाने भरूनही एक मोठी जागा रिकामी राहते. जानेवारी २०१७ च्या अखेरीस लातूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका खाद्यतेलाच्या कारखान्यात सांडपाण्याची टाकी साफ करताना नऊ कामगार गुदमरून मेले. टाकीवर कोणते लेबल असणार? लेबल विकत आणलेल्या द्रव्यावर असते. टाकीत साचलेल्या, कुजलेल्या, आपोआप तयार झालेल्या वायूला ना क्रमांक असतो ना चित्र. वर्गीकरण पदार्थाचे होते, प्रसंगाचे होत नाही. बंद जागेत उतरण्यापूर्वी हवा तपासावी, कंबरेला दोर बांधावा, वर माणूस ठेवावा, हे कारखाने कायद्यात १९४८ पासून लिहिलेले होते. १९८७ च्या दुरुस्तीने कामगाराला आपण हाताळतो त्या द्रव्याची माहिती मागण्याचा हक्कही दिला होता. पण माहिती मागायला आधी शंका यावी लागते, आणि ज्याला चित्र एकच दिसते त्याला शंका तरी कुठून येणार?

दिवाळीच्या त्या दिवशी आम्ही हे सारे त्या गृहस्थांना जमेल तसे सांगितले. मुलगा शेजारी बसून ऐकत होता, मधून मधून पायरोलचे कडे वहीवर काढत होता. वडिलांनी पायांच्या मुंग्यांबद्दल दोनदा विचारले; त्यांना तसे काही होत नव्हते. मग त्यांनी खरा प्रश्न काढला, "ते समदं बरोबर, सर. पण मग वंगणाचे हात धुवायचे कशानं? साबणानं निघत न्हाई."

आम्ही म्हणालो, "आधी खायचे तेल चोळा. वंगण तेलात विरघळते. मग साबण लावा."

ते मुलाकडे बघून मोठ्याने हसले. "तेल? अन् ते तर आमच्याकडं टाकीनं हाय."